बॅलन्स्ड एकटाच का उरला?

कंट्रोल पॅनेलमधून वाट काढत माणूस पॉवर ऑप्शन्सपर्यंत पोचतो, ‘चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’वर क्लिक करतो, आणि समोर उघडलेली ती इवलीशी खिडकी जवळजवळ रिकामी निघते. वरच्या पट्टीत ‘बॅलन्स्ड’ हे एकच नाव. खाली झाकण मिटल्यावर काय व्हावं, स्क्रीन किती मिनिटांनी विझावी, बॅटरी किती टक्क्यांवर आली की इशारा यावा, एवढे दोन-चार कप्पे. जुन्या लॅपटॉपवर याच खिडकीत अधिकचं चिन्ह दाबलं की प्रोसेसरचा किमान आणि कमाल वेग, थंडाव्याचं धोरण, यूएसबी आणि वायफायची वीजबचत, असं बरंच काही उलगडत जायचं. ते कुठे गेलं, असं विचारणाऱ्याला दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं दुरुस्तीच्या दुकानातलं: विंडोज करप्ट झालंय, फॉर्मॅट मारावं लागेल. दुसरं जाणकारांचं, आणि त्यात एक समजूतदार सूर असतो: काही बिघडलेलं नाही, या सेटिंग्ज आता लागतच नाहीत, नवी यंत्रं स्वतःचं स्वतः बघतात, तुम्ही उगाच हात घालू नका. पहिलं उत्तर साफ चुकीचं आहे आणि ते खोडायला दोन मिनिटं पुरतात. दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून त्याचा समाचार जरा सविस्तर घ्यायला हवा.

आधी घडतं काय ते पाहू. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची एक मानक संहिता आणली. संगणकाने कुठल्या पातळीपर्यंत झोपावं याचे टप्पे तिने ठरवून दिले. एस-० म्हणजे जागं, एस-३ म्हणजे फक्त मेमरीला वीज आणि बाकी सगळं बंद, एस-४ म्हणजे हायबरनेट, मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर उतरवून वीज तोडणं. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर आपण ज्याला वर्षानुवर्षं ‘स्लीप’ म्हणत आलो ते एस-३. या झोपेचा आणि एकूण विजेच्या खर्चाचा कारभार वापरणाऱ्याच्या हाती देण्यात विंडोज त्या काळी फार उदार होतं. एक्सपीमध्ये तयार योजनाच सहा होत्या, त्यातली एक तर केवळ प्रेझेंटेशन देणाऱ्यांसाठी. २००७ च्या व्हिस्टापासून बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर आणि हाय परफॉर्मन्स हे त्रिकूट आलं, आणि प्रत्येकाच्या पोटात ती तपशीलवार खिडकी. मग २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये त्याचंच रूप विस्तारून ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालं. कल्पना फोनची. झाकण मिटलं तरी यंत्र एस-० मध्येच राहायचं, अगदी कमी विजेवर, नेटवर्कशी धागा जोडून. उघडलं की क्षणात हजर. या पद्धतीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टने नियम केला की योजना एकच चालेल, बॅलन्स्ड, किंवा तिच्यावरून बेतलेली. त्याच वेळी खिडकीतले बहुतेक कप्पेही झाकले गेले. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्या निमित्ताने असंख्य लोकांनी नवे लॅपटॉप घेतले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची या रिकाम्या खिडकीशी पहिली गाठ आत्ता पडते आहे.

हे आपल्या यंत्राबाबत खरं आहे का, ते तपासायला फॉर्मॅटची गरज नाही. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा, पुढे तिरकी रेघ आणि ‘ए’ हे अक्षर टंकलं की यंत्र स्वतःच जबानी देतं. वरच्या भागात उपलब्ध असलेल्या झोपा. तिथे ‘एस-० लो पॉवर आयडल’ दिसलं की निदान झालं. खालच्या भागात उपलब्ध नसलेल्या झोपा, आणि हा भाग जास्त वाचनीय आहे, कारण तिथे प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं असतं. एस-१ आणि एस-२ पुढे बहुधा असं की फर्मवेअर त्यांना आधार देत नाही. एस-३ पुढे मात्र अनेक यंत्रांवर निराळंच वाक्य असतं: एस-० ची कमी विजेची झोप चालत असेल तेव्हा ही झोप बंद ठेवली जाते. ‘देता येत नाही’ आणि ‘देत नाही’ यातलं अंतर यंत्राला चांगलंच कळतं. त्याच आज्ञेला ‘ए’ऐवजी ‘क्यूएच’ जोडलं तर लपवलेल्या सेटिंग्जसकट सगळी यादी धडाधड खाली उतरते. प्रोसेसरचा कमाल वेग, टर्बो बूस्टची पद्धत, सगळं तिथे असतं, प्रत्येकाला किंमत दिलेली असते आणि विंडोज त्या किमतींनुसारच चाललेलं असतं. रजिस्ट्रीत अशा प्रत्येक सेटिंगच्या नोंदीत ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाचा एक आकडा आहे. तो १ असेल तर सेटिंग खिडकीत दिसत नाही, २ केला की दिसते. एवढाच सगळा पडदा. म्हणूनच जी दुसरी एक आज्ञा लोक हिरिरीने सुचवतात, योजना मूळपदावर आणणारी, तिचा इथे काही उपयोग होत नाही. मूळपदच बॅलन्स्ड आहे, त्यामुळे ती बॅलन्स्डच परत आणून ठेवते, आणि आपण हाताने बनवलेली एखादी योजना असलीच तर ती जाता जाता पुसून टाकते. फॉर्मॅटचंही तेच. नव्याने बसवलेलं विंडोज त्याच फर्मवेअरला तेच प्रश्न विचारतं आणि तीच खिडकी रिकामी करून पुढे ठेवतं. दुकानदाराला मजुरी मिळते, गिऱ्हाइकाला दोन दिवस लॅपटॉप मिळत नाही.

आता जाणकारांच्या उत्तराकडे. त्याचा पाया असा की सामान्य माणसाला हे लागत नाही. हा सामान्य माणूस बसतो कुठे, हा माझा पहिला प्रश्न. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात, कुणी सहसा वाचत नाही अशा पानावर, वापरण्याजोगं तापमान दिलेलं असतं आणि त्याची वरची मर्यादा अनेकदा ३५ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर इथे बाहेरचा पारा ४५ च्या आसपास खेळतो. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३५ चा हिशेब सकाळीच संपलेला असतो. अशा खोलीत बसून हिशेबाचं किंवा टायपिंगचं काम करणाऱ्याला प्रोसेसरच्या टर्बो वेगाचं काडीचं कौतुक नसतं. त्याला पंख्याची घरघर थांबलेली हवी असते आणि तळहाताखालचा चटका कमी व्हायला हवा असतो. त्यावर एक साधा, जुना आणि निरुपद्रवी उपाय आहे: ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ हा आकडा १०० वरून ९९ वर आणायचा. बऱ्याच इंटेल प्रोसेसरवर त्या एका टक्क्याने टर्बोची उसळी बंद होते, प्रोसेसर आपल्या मूळ वेगावर थांबतो आणि उष्णता लक्षणीय उतरते. हा आकडा त्या झाकलेल्या कप्प्यांतच आहे. कारखान्याने ठरवलेली मूळ मांडणी कुठल्या तरी सरासरी खोलीसाठी असते, आणि त्यात दोष काही नाही, सरासरी काढावीच लागते. पण आपली खोली त्या सरासरीत बसत नाही हे त्या खोलीत बसलेल्यालाच कळतं. त्याच्या हातातला एकुलता एक खटका काढून घ्यायचा आणि वर त्याची गरज नव्हती म्हणायचं, हे त्याच्या खोलीत डोकावल्यावाचून केलेलं विधान आहे. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू आहे. ज्याला व्हिडिओ संपादित करायचा आहे आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला आहे, त्याला बॅलन्स्डचा काटकसरीपणा नको असतो; दोघांच्या गरजा विरुद्ध आहेत आणि दोघांना मिळते ती एकच खिडकी.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की लोकांना एवढी मोकळीक दिली की ते काहीतरी बिघडवून ठेवतात. कमाल वेग चुकून पाच टक्के करतात आणि मग लॅपटॉप रखडतो म्हणून तक्रार करतात. होतं असं, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या जुन्या खिडकीत खाली एक बटण होतं आणि आजही आहे: ‘रिस्टोअर प्लॅन डीफॉल्ट्स’. काहीही घोळ घातला तरी एका क्लिकने सगळं जागेवर. खिडकी रिकामी केल्यावर लोक गप्प बसले का? ते रजिस्ट्रीत शिरले. तिथे असं बटण नाही, चुकीची नोंद पुसली गेली तर विचारणारंही कुणी नाही. ‘सीएस-एनेबल्ड’ नावाच्या नोंदीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ती शून्य केली की मॉडर्न स्टँडबाय बंद पडून जुन्या योजना परत यायच्या. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. मे २०२० च्या विंडोज आवृत्तीपासून ती चालेनाशी झाली. मग ‘प्लॅटफॉर्म एओएसी ओव्हरराइड’ नावाची दुसरी नोंद चलनात आली. ती चालते, पण तिच्यात एक खड्डा आहे जो तोंडोतोंडीच्या पाठात सहसा सांगितला जात नाही: ज्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये एस-३ मुळातच नाही, तिथे ही नोंद घातली की आधुनिक झोप जाते आणि जुनी येत नाही. उरतं फक्त हायबरनेट. झाकण मिटलं की झोप नाहीच, आणि माणूस पुन्हा दुकानात. लोकांना जपायचं म्हणून दार बंद केलं आणि लोक गच्चीवरून उड्या मारू लागले, तर दार बंद करण्याचा हिशेब कुठेतरी चुकला आहे. शिवाय कुणाकडून तरी आलेली बॅच फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने डोळे झाकून चालवायची सवय यातून लागते ती निराळीच. विजेच्या सेटिंगसाठी लागलेली सवय विजेपुरती राहत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि त्यात दम आहे. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलचे प्रोसेसर आपला वेग स्वतः ठरवतात. आधी ऑपरेटिंग सिस्टिम वेग सांगायची आणि प्रोसेसर ऐकायचा. आता प्रोसेसर कामाचा भार पाहून स्वतः क्षणोक्षणी वर-खाली होतो, आणि माणसाने किंवा विंडोजने केलेल्या ढवळाढवळीपेक्षा ते जलद आणि नेमकं असतं. त्यामुळे जुनी हाय परफॉर्मन्स योजना आज पूर्वीइतकी कामाची उरलेली नाही, हे मी मान्य करतो. ती लावली म्हणजे लॅपटॉप पळू लागतो ही समजूत बरीचशी श्रद्धेची आहे. पण हा युक्तिवाद करणारे त्याच यंत्रणेतली एक गोष्ट सोडून देतात. स्वतः ठरवणारा प्रोसेसरसुद्धा एक प्रश्न बाहेरच विचारतो: वेग महत्त्वाचा की बचत? उत्तर त्याला एका आकड्यात हवं असतं. प्रोसेसरच्या पातळीवर हा आकडा ० ते २५५ असा आहे, विंडोजच्या सेटिंगमध्ये तो ० ते १०० असा दिसतो. शून्याकडे गेलं की वेगाला झुकतं माप, वरच्या टोकाकडे गेलं की बचतीला. म्हणजे नव्या यंत्रणेला माणसाचा कौल जुन्यापेक्षाही नेमका घेता येतो. आणि हा आकडाच लपवलेल्या यादीत आहे. त्याऐवजी विंडोज ११ मध्ये ‘पॉवर मोड’ म्हणून तीन पर्याय समोर ठेवले आहेत: बचत, मधलं, वेग. तीन पर्याय वाईट नाहीत. नव्वद टक्के वेळा पुरतातही. ज्याला पुरत नाहीत त्याच्यासाठी आत एक खोली होती, तिच्यावर चुना फासून भिंत केली हे माझं म्हणणं आहे. रेडिओवर आवाजाची चकती असावी आणि कारखान्याने वरून पट्टी चिकटवून तीन खाचा पाडून द्याव्यात, असा हा प्रकार.

तिसरा आक्षेप असा की हा कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नाही, नव्या हार्डवेअरला जुनी झोप झेपतच नाही. काही यंत्रांबाबत हे शब्दशः खरं आहे; तिथे वादच संपतो, ‘पॉवरसीएफजी’ तसं सांगतेच. पण सरसकट खरं नाही, याचा पुरावा बाजारातच आहे. लेनोव्होचा २०१८ चा थिंकपॅड एक्स-१ कार्बन, सहावी पिढी, बाजारात आला तेव्हा त्यात एस-३ नव्हती. लिनक्स वापरणाऱ्यांनी ओरड केली, आणि त्याच वर्षी आलेल्या बायोसच्या नव्या आवृत्तीत एक पर्याय अवतरला: ‘स्लीप स्टेट’, विंडोज १० की लिनक्स. दुसरा निवडला की एस-३ हजर. स्क्रू न काढता, एक चिप न बदलता. जे हार्डवेअरला झेपत नव्हतं ते एका फर्मवेअर फाइलने झेपू लागलं. लिनक्समध्ये तर ही निवड एका छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये उघडी पडलेली असते. ‘मेम-स्लीप’ नावाच्या त्या फाइलमध्ये उपलब्ध झोपांची नावं ओळीने लिहिलेली, आणि जी चालू आहे तिला चौकोनी कंस. यंत्राला एकच झोप येत असेल तर एकच नाव दिसतं. न दिसण्यामागे काही राजकारण नाही हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका मात्र अशी की एका झोपेवरून दुसरीवर जायचं तर विंडोज पूर्ण नव्याने बसवायला हवं. एरवी त्या बदलाला आधार नाही. दुकानदाराचं फॉर्मॅटचं उत्तर इथे वेगळ्या कारणाने का होईना, वरच्या दारातून आत येतं ही गंमतच.

मॉडर्न स्टँडबायची कल्पनाच टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. फोनच्या घराण्यातल्या एआरएम प्रोसेसरवर ती छान चालते, कारण ते प्रोसेसर असल्या डुलकीसाठीच वाढवलेले आहेत. अडचण येते ती एखादा ड्रायव्हर किंवा एखादा प्रोग्रॅम झाकणाआड जागा राहतो तेव्हा. बॅग उघडली की लॅपटॉप गरम आणि बॅटरी तळाला, ही तक्रार त्यातून येते. ती तक्रार काल्पनिक असती तर तिच्यासाठी विंडोजमध्ये खास साधन बांधावं लागलं नसतं. ‘पॉवरसीएफजी’ला ‘स्लीपस्टडी’ हा शब्द जोडला की गेल्या तीन दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा अहवाल पानभर येतो: किती वाजता डोळा लागला, किती बॅटरी गेली, झोपेतही कोण चुळबुळ करत होतं. रोग ओळखायला इतकं उत्तम यंत्र द्यायचं आणि गुन्हेगार सापडल्यावर ‘मग मला जुनी गाढ झोप द्या’ म्हणायची सोय खिडकीत ठेवायची नाही, ही विसंगती मला समजत नाही.

लपवणं प्रत्येक वेळी चूक असतं असंही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर झाला. प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून कमी करण्याची जी वाट होती, तिचाच वापर करून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं बाहेर काढता येतात हे बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लूव्हनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं. इंटेलने ती वाट बंद केली. उष्णता कमी करण्यासाठी व्होल्टेज उतरवणारे हजारो हौशी लोक त्यामुळे हळहळले, आणि त्यांची हळहळ रास्त होती. तरी तो निर्णय योग्यच होता, कारण धोका नेमका होता, त्याला क्रमांक होता, कारण जाहीर होतं आणि बंद केलेली गोष्ट एकच होती. नोकरीच्या ठिकाणच्या लॅपटॉपवर कंपनीच्या धोरणाने योजना बांधून ठेवलेल्या असतात, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. यंत्र कंपनीचं, आणि ‘काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ असं वाक्य विंडोज स्वतःहून तिथे लिहितं. माणूस वाचतो, समजतो, आयटी विभागाला फोन करतो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपवर कमाल वेगाचा आकडा झाकण्यामागे ना प्लंडरव्होल्टसारखा धोका आहे, ना मालकाचा हुकूम. आणि तिथे वाक्यही नाही.

म्हणून माझी मागणी जुन्या सगळ्या योजना परत आणा अशी नाही. बॅलन्स्ड राहू दे, तीन खाचांचा पॉवर मोडही राहू दे, तपशील एका पायरीने आत असू दे. पण आत काही आहे हे दिसू दे. आणि जे खरोखर देता येत नाही ते पुसून न टाकता फिकट रंगात, कारणासकट दाखवा. यासाठी नवं काही लिहावं लागणार नाही. ‘एस-० ची झोप चालत असल्याने ही झोप बंद ठेवली आहे’ हे वाक्य लिहिलेलं आहे, तपासलेलं आहे आणि या क्षणी लाखो लॅपटॉपमध्ये बसलेलं आहे. ते फक्त काळ्या खिडकीत छापलं जातं, ते इकडच्या पांढऱ्या खिडकीत आणून ठेवायचं आहे.